सनचे दोन अल्बम: आधी 'लाइफ मेटल' की 'पायरोक्लास्ट्स'?

ड्रोन मेटल, म्हणजे एकेक सूर लांबवत नेणारं संथ, जड गिटारसंगीत, ऐकायला सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की मी अमेरिकेतल्या 'सन' (Sunn O)))) या बँडचं नाव घेतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: २०१९मध्ये आलेल्या दोन अल्बमपैकी कुठला? दोन्हींचं ध्वनिमुद्रण २०१८च्या जुलैमधलं, शिकागोच्या एकाच स्टुडिओतलं, स्टीव्ह अल्बिनीने टेपवर केलेलं. बँडच्या ग्रेग अँडरसन आणि स्टीफन ओमॅली यांच्या गिटारीही त्याच. तरी ऐकताना दोन्हींची जातकुळी वेगळी लागते.

'लाइफ मेटल' बांधलेला आहे. चार रचना, ६८ मिनिटं. सुरुवातीला घोडा खिंकाळतो आणि मागोमाग गिटार कोसळते. मी पहिल्यांदा लावला तेव्हा मांडणीवरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण थरथरायला लागलं. उठून ते काढून ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. 'ट्रबल्ड एअर'मध्ये गिटारीखालून पाइप ऑर्गन वर येतो. पण खरा ऐवज शेवटच्या, २५ मिनिटांच्या 'नोव्हे'त आहे. मध्यावर गिटारी ओसरतात आणि आइसलँडची संगीतकार हिल्दुर गुद्नादोत्तिर हिचा हाल्डोरोफोन, म्हणजे चेलोच्या घडणीचं पण स्वतःच्याच आवाजावर घुमत राहणारं वाद्य, एकटा गुरगुरत राहतो. तेवढ्या भागासाठी मी हा अल्बम कितीही वेळा लावेन.

'पायरोक्लास्ट्स' हा त्याच दिवसांतला रियाज. कामाच्या सुरुवातीला किंवा शेवटी सगळ्यांनी मिळून १२ मिनिटांची वेळ लावून एकाच सुरावर उत्स्फूर्त वाजवायचं, असा नेम होता. त्यातले चार तुकडे इथे आहेत, हार्मोनियमच्या पट्ट्यांत सांगायचं तर त्यांचे सूर: पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी तीन आणि पांढरी सहा. एकूण ४४ मिनिटं. ज्याच्या कानावर लहानपणापासून तानपुरा पडलाय, त्याला हा अल्बम समजावून सांगावा लागत नाही. सूर हलत नाही, आपलंच लक्ष त्याच्या आत सरकत जातं. पण चारही तुकडे एका बैठकीत ऐकले तर तिसऱ्यापर्यंत मन भरतं, हे मान्य करायला हवं.

पैसे एकाच रेकॉर्डचे असतील तर 'लाइफ मेटल' घ्या, त्यात चढउतार आहेत, ताण आहे. सलग तास काढणं जमत नसेल तर 'पायरोक्लास्ट्स'मधला एकेक तुकडा रोज, शक्यतो पहाटे. फोनच्या स्पीकरवर मात्र दोन्ही लावू नका. हे सगळं संगीत खर्जात आहे आणि तो तिथे उमटतच नाही.