रीपर, वर्षभर वापरल्यावर: पेटी, पखवाज आणि घरातला स्टुडिओ

घरी रेकॉर्डिंग सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ‘कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ हा असतो, आणि उत्तरं येतात ती बहुतेक बीट बनवणाऱ्या मंडळींकडून. एफएल घे, एबलटन घे. त्यांचं काही चुकत नाही. त्यांचं संगीत कॉम्प्युटरच्या आतच तयार होतं. माझ्याकडे सगळं माइकमधून आत येतं: गळा, पेटी, तबला, पखवाज, टाळ, कधीमधी व्हायोलिन. की-बोर्डवर वाजवून भरलेला भाग अगदी थोडा. अभंग, नाट्यपदं, शिष्यांच्या बंदिशी, शेजारच्या मंडळाची काकडआरती असलं माझं काम. तेव्हा रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरबद्दलचं पुढचं सगळं या नजरेनं लिहिलंय हे आधीच सांगतो. ज्याला ट्रॅप बीट करायचाय त्याला यातलं निम्मं लागू पडणार नाही.

साहित्य साधंच आहे. जुना विंडोज लॅपटॉप, आठ जीबी रॅम, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र), एक कंडेन्सर माइक आणि दोन डायनॅमिक.

निवडताना बरंच चाळलं. लॉजिक अ‍ॅपलच्या उपकरणांशिवाय चालत नाही, त्यामुळे माझ्यासाठी तो विषय संपला. (मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, त्यावर सुरुवात करा, इथे वेळ घालवू नका.) एफएल स्टुडिओची एक गोष्ट मोहात पाडणारी आहे, एकदा घेतलं की पुढचे सगळे अपडेट आयुष्यभर फुकट. पण त्याची सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्ती घेतली तर त्यात माइकवरून ऑडिओ रेकॉर्ड करता येत नाही. त्यासाठी वरची प्रोड्यूसर आवृत्ती लागते. गाणाऱ्या माणसानं स्वस्त म्हणून फ्रूटी घेतली की फसलाच. एबलटनच्या इंट्रो आवृत्तीत सोळाच ट्रॅक (प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी). क्यूबेस उत्तम आहे, पण मला लागणाऱ्या सोयींची आवृत्ती खिशाला जड. प्रो टूल्सचं मुंबईतल्या मोठ्या स्टुडिओंत राज्य आहे, पण दरवर्षी पैसे भरत राहण्याएवढी माझी कमाई या कामातून नाही. ऑडॅसिटी एका आवाजाच्या कामाला, कीर्तन नुसतं उतरवून घ्यायला, चांगलं आहे. पाच-सहा ट्रॅक आणि प्रत्येकाचे तीन-तीन टेक झाले की तिथे जीव रमत नाही.

राहिलं रीपर. सायबर कॅफेच्या काळात ज्यांनी विनॅम्पवर गाणी ऐकलीत त्यांना हे ऐकून मजा वाटेल: विनॅम्प लिहिणारा जस्टिन फ्रँकेल, त्याच्याच कॉकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर. २००६ मध्ये पहिली आवृत्ती आली, आता सातवी चालू आहे. डाउनलोड एवढंसं की मोबाइलच्या डेटावर उतरवता येतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर तीस ट्रॅकला पंख्याचा आवाजही वाढत नाही.

पहिल्यांदा उघडाल तेव्हा निराश व्हाल. करडी रिकामी खिडकी. वाद्यांचे आवाज जवळजवळ नाहीतच. पियानो नाही, ड्रम नाही, तानपुरा आणि तबला तर सोडूनच द्या. बाकीची सॉफ्टवेअरं गिगाबाइटच्या हिशेबानं आवाज देतात, हे फक्त कामाचं टेबल देतं. मेनू इतके लांबलचक की एखादी गोष्ट आहे हे माहीत असूनही सापडत नाही. यावर उपाय एकच, प्रश्नचिन्हाची कळ दाबून उघडणारी अ‍ॅक्शन लिस्ट. तिथे शब्द टाइप करायचा, हवी ती क्रिया शोधायची आणि तिला आपल्या सोयीची कळ लावायची. मेनूत फिरणं मी सोडूनच दिलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

आपल्या तालांचं या सॉफ्टवेअरांत काय होतं हे कुठल्याच रिव्ह्यूत सापडत नाही. सगळीकडे चार चार मात्रांचे खाने. भजनी ठेका आठ मात्रांचा, केरवाही आठचा, तिथे चारच्या खान्यांत भागतं. रूपक आला की अडतं. रीपरमध्ये टाइम सिग्नेचर (एका खान्यात किती मात्रा ते) सात-चार केली की एक खाना म्हणजे एक आवर्तन, तालाची एक पूर्ण फेरी. झपतालाला दहा, एकतालाला बारा, दीपचंदीला चौदा, काही तक्रार न करता घेतं. मग वरच्या पट्टीवरचा आकडा हाच आवर्तनाचा आकडा होतो, प्रत्येक जाड रेघेवर सम. ‘सतराव्या आवर्तनातली तान परत घेऊ’ असं म्हणता येतं आणि थेट तिथे जाता येतं. मेट्रोनोमचा जोर कुठल्या मात्रेवर हवा तेही ठरवता येतं, म्हणजे रूपकाचे तीन-दोन-दोन विभाग कानाला कळतात. ‘टिक टिक’ आवाज नको असेल तर स्वतःची ध्वनिफीत लावता येते. मी एक टाळी आणि एक हलका टाळ लावलाय. तरी खरं सांगायचं तर गायकाला कुठलाही क्लिक आवडत नाही. तबलजीकडून एकदा साधा ठेका वेगवेगळ्या लयींत वाजवून घ्या आणि तोच लूप करून कानात द्या. गाणं लगेच मोकळं होतं.

पण अभंग एका लयीत राहतोच कुठे? सुरुवात संथ, मधे हळूहळू सरकत जातो, शेवटच्या गजरात लय दुप्पट. क्लिकवर गायला लावलं की त्यातला प्राण जातो. मी क्लिक बंद ठेवून, मंडळाला जसं यायचं तसं गाऊ देतो, आणि रेघा नंतर गाण्याला जुळवतो. समेपासून समेपर्यंतचा भाग निवडायचा आणि इन्सर्ट मेनूतून त्या भागाचा खाना करायचा. सॉफ्टवेअर त्या आवर्तनाची लय काढून तिथे खूण ठेवतं. प्रत्येक आवर्तनाला खूण लागत नाही, लय जिथे सरकली तिथे लावली की पुरे. एका अभंगाला पाऊण तास जातो, थोडं कंटाळवाणं आहे, पण त्यानंतर मागाहून भरलेली तारवाद्यं, जास्तीचे टाळ, डिलेचा (प्रतिध्वनीचा) परिणाम, सगळं माणसांच्या लयीवर बसतं.

हे करण्याआधी एक सेटिंग बदलाच. ऑल्ट-एंटर दाबून प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जा आणि टाइमबेस ‘टाइम’ करा. मुळात तो ‘बीट्स’वर असतो. तसाच राहिला तर तुम्ही लयीची खूण लावाल आणि रेकॉर्ड केलेला आवाजच ताणला किंवा आक्रसला जाईल, मग लय आपल्याला जुळवून घ्यायचं सोडून पळतच राहते. नवशिक्याला हे कोडं तासभर सुटत नाही.

कापाकापीही समेच्या रेघांमुळे सोपी होते. पेटीची मधली जागा लांबली, दोन आवर्तनं काढायचीत, तर सगळ्या ट्रॅकचं रिपल एडिटिंग चालू करायचं आणि तेवढा भाग उडवायचा, मागचं सगळं एकसाथ पुढे येतं. काम झालं की ते बटण तिथल्या तिथे बंद करा. नाहीतर पुढच्या ट्रॅकवर खोकला काढायला जाल आणि पखवाज समेवरून निसटेल.

एकच ओळ पाच वेळा गाऊन त्यातलं उत्तम निवडायचं, हे काम सातव्या आवृत्तीत फार सुधारलं. टेक एकाखाली एक लेनमध्ये दिसतात, हवा तो तुकडा माउसनं ओढून निवडायचा, जोड सॉफ्टवेअर बुजवतं. मात्र ही सोय गळा वेगळा रेकॉर्ड केला असेल तरच. सगळे एका खोलीत बसून वाजवत असतील तर गायकाच्या माइकमध्ये पखवाज शिरलेलाच असतो, आणि एक ओळ बदलली की मागचा पखवाजही बदलतो. त्यावर कुठल्याच सॉफ्टवेअरकडे औषध नाही. भजनी मंडळ हेडफोन घालून एकेकटं गाणार नाही, हे गृहीत धरा. महागड्या सॉफ्टवेअरचा विचार असेल तर तेच पैसे चार किंवा आठ इनपुटच्या इंटरफेसवर घाला.

तानपुऱ्याचं वेगळं. आमच्या जवळच मिरज, तंतुवाद्यांचं गाव, त्यामुळे खरा जुळवलेला तानपुरा मिळणं अवघड नाही. पाच मिनिटं रेकॉर्ड करून, टोकं एकमेकांवर चढवून क्रॉसफेड दिला की हवा तेवढा लांब तानपुरा तयार. ज्यांच्याकडे मोबाइलवरचा आहे त्यांना बहुधा पेटीशी किंचित बेसूर वाटेल, कारण जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण पट्टीवर असतातच असं नाही. इथे रीपरची एक छोटी सोय मला फार आवडते. तुकड्यावर एफ-२ दाबलं की पट्टी बदलायचा रकाना येतो आणि तो दशांशात चालतो. पेटी बारा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढी असेल तर ०.१२ लिहायचं. झालं. पेटीवाल्याला न दुखावता काम होतं.

सूर दुरुस्त करायचं त्यांचं स्वतःचं प्लगिन (आत जोडायचं छोटं सॉफ्टवेअर), रीट्यून, मी जवळजवळ वापरत नाही. ‘आपोआप’ या पर्यायावर टाकलं की ते प्रत्येक सूर बारा घरांपैकी एकात ढकलतं. मींड पायऱ्या-पायऱ्यांची होते आणि दरबारीचा आंदोलित गंधार तर पार मरतो. एखादा घसरलेला सूर हातानं ओढून वर घेण्यापुरतं ठीक. बाकी त्यांची प्लगिनं दिसायला ओबडधोबड पण कामाला चोख आहेत. रीईक्यूनं गळ्याखालची ऐंशी हर्ट्झच्या खालची घरघर काढता येते. रीफरला नुसत्या पंख्याचा दोन सेकंदांचा आवाज ऐकवला की तो वजा करतं, पण हात आखडता ठेवा. जास्त वजा केलं तर पेटीच्या भात्याचा श्वासही जातो, आणि पेटी प्लास्टिकची वाटायला लागते.

गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो ही तक्रार प्रत्येक नवा माणूस करतो. कॉम्प्युटर आवाज थोडा साठवून मग पुढे सोडतो, तो साठा म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूचेच साडेदहा मिलिसेकंद. १२८ वर आणलं तर पावणेतीन. रेकॉर्ड करताना कमी, मिक्स करताना जास्त. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर ते दाबा, रीपरमधलं मॉनिटरिंग बंद करा, प्रश्नच मिटला.

ट्रॅकची नावं देवनागरीत लिहिली तर नीट दिसतात. ‘चकवा’, ‘मुख्य गळा’, ‘झील’ असं लिहिलेलं बघून मंडळातले लोक खूश होतात. फाइलींची नावं मात्र रोमनमध्ये ठेवा, बाहेर मिक्सिंगला पाठवताना समोरच्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन दिसू नयेत म्हणून. बाहेर पाठवायचं तर स्टेम्स, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल, काढूनच. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून पूर्ण लांबीचा द्यावा लागतो, कारण प्रो टूल्सवाल्यांना हवी असते ती एएएफ (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात प्रोजेक्ट न्यायची) फाइल थेट काढायची सोय रीपरमध्ये नाही. व्यावसायिक स्टुडिओशी रोज देवाणघेवाण असेल त्यांच्यासाठी हे मोठं उणं आहे.

वीज जाणं आपल्याकडे ठरलेलं, म्हणून प्रेफरन्सेसमध्ये दर काही मिनिटांनी वेगळ्या नावानं प्रत ठेवायचा पर्याय चालू करा. प्रोजेक्टची फाइल साध्या मजकुराची असते, बिघडली तर नोटपॅडमध्ये उघडूनही बघता येते. एका फुकट तिसऱ्याच प्लगिनमुळे प्रोजेक्ट उघडेनासा झाला होता, तेव्हा याच प्रतीनं वाचवलं.

शेवटी काढताना रेंडरच्या खिडकीतच आवाजाची पातळी मोजून ठरवता येते. मी उणे १४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) ठेवतो, स्पॉटिफाय साधारण त्याच पातळीला आणतं. भजनाला त्याहून मोठं करायची गरजही नसते.

पैशाचं. साठ दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं, काहीही बंद केलेलं नसतं. नंतर घरगुती वापराचं किंवा वर्षाला वीस हजार डॉलरपर्यंतच्या उलाढालीचं लायसन्स साठ डॉलरला, म्हणजे पाच हजारांच्या थोडं वर, कार्डाचे परकीय चलनाचे पैसे वेगळे. उलाढाल त्याहून मोठी असेल तर सव्वादोनशे डॉलर. मुदत संपल्यावरही ते बंद पडत नाही, फक्त उघडताना आठवण करतं, आणि बरेच जण वर्षानुवर्षं ती आठवण बाजूला सारत बसतात. सातव्या आवृत्तीत घेतलेलं लायसन्स आठवी पूर्ण संपेपर्यंत चालतं, तेव्हा नवी येईल म्हणून थांबायचं काही कारण नाही.