खारपाणपट्ट्यातला उन्हाळी कॅम्प: प्रयोग एक नंबर, रेन डान्स फालतू

अकोला जिल्ह्यात अकोटकडच्या एका गावात, म्हणजे विहिरींचं पाणी खारं असलेल्या आपल्या खारपाणपट्ट्यात, मे महिन्यात लेकरांसाठी पाण्याच्या प्रयोगांचा कॅम्प होता, आमच्या पोरीला टाकलं होतं, पुढच्या वर्षी पाठवायचं का असं बऱ्याच जणी विचारून राह्यल्या म्हणून लिहिते.

पहिले चांगलं सांगते. यांनी पुस्तकातलं पाणी नाही घेतलं, आपलंच घेतलं. एका बाटलीत गावच्या विहिरीचं पाणी, दुसरीत वान नदीच्या धरणाचं नळाचं गोडं, आणि दोन्हीत खिसलेल्या साबणाचं पाणी सारखंच थेंब थेंब टाकून बूच लावून हलवायचं. नळाच्या बाटलीत गच्च फेस, विहिरीच्या बाटलीत नुसता पांढरा चोथा वर तरंगतो. आपण एवढी वर्षं या पाण्यात कपडे धुतो तरी असं शेजारी शेजारी ठेवून कधी पाहत नाही. साधा साबणच पाहिजे बरं का, शाम्पू नाहीतर भांड्याचं लिक्विड घेतलं तर खाऱ्या पाण्यातही फेस होतो आन् प्रयोग फसतो.

मग कापलेल्या बाटलीचा फिल्टर. खाली कापूस, त्यावर कोळसा, रेती, वरून गिट्टी. विहिरीच्याच पाण्यात माती कालवून ओतलं तर खालून बऱ्यापैकी नितळ पाणी आलं, पोट्टे खूश. पण सर हुशार, त्यांनी त्याच नितळ पाण्याची परत साबणाची टेस्ट घ्यायला लावली. आमची पोरगी घरी येऊन विचारते, "आई, पानी तं साफ झालं, मंग फेस काऊन नाही येऊन राह्यला?" विरघळलेला क्षार रेती-कोळशात अडकत नाही हे तिला तिथंच समजलं होतं, मला विचारून माझी परीक्षा घेत होती. तेच पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हात ठेवलं, पाणी उडून गेल्यावर ताटलीला पांढरा थर, बोटानं खरवडला तर निघतो. दिसायला साफ म्हणजे पिण्यालायक नाही, हेही सरांनी दोनदा बजावून सांगितलं, ते बरं केलं.

मोठ्या पोरांना शाळेच्या टिनाच्या छताचं गणित दिलं होतं. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी, म्हणजे १० बाय ५ मीटरच्या छतावर २० मिमीचा एक पाऊस झाला की १,००० लिटर. टेप घेऊन पोरांनीच मोजलं. आपल्या इकडं विहिरी खाऱ्या, मग हे गोडं पाणी वाहून जातं तर मोठ्या माणसांनी पण हा हिशोब एकदा करावा असं मला वाटते.

आता तक्रारी. बॅच दहाला सुटणार म्हणून सांगितलं आणि साडेअकरा-बारा वाजवत होते, अकोल्याकडचं मे महिन्याचं ऊन, वर नुसती ग्रीन नेट, लेकरं लालबुंद होऊन घरी. वर्कशीट पूर्ण इंग्रजीत, जिल्हा परिषदेच्या चौथीच्या पोराला काय कळणार त्यातलं, सरच तोंडी मराठीत सांगत होते म्हणून निभलं. कागदाच्या नावा, फुगे वगैरे होतं, टाइमपास.

आणि शेवटच्या दिवशी रेन डान्स. टँकर बोलावला, डीजे लावला, गोडं पाणी सगळं मैदानात. ज्या गावात नळाची वाट पाहत ड्रम भरून ठेवतात तिथं हे? आधी लेकरांना थेंब थेंब मोजायला शिकवायचं आन् मग हे, मला तर डोक्यातच गेलं. आयोजकांना बोलले तर म्हणे पालकांचीच डिमांड होती. फोटो मात्र फक्त त्याचेच टाकले ग्रुपवर.

तिसरी ते सहावीच्या लेकरांना पाठवा, पैसे वसूल आहेत. सातवीच्या पुढं बोअर होईल. जुने कपडे, टोपी आणि घरचं प्यायचं पाणी सोबत द्या, आणि घ्यायला थोडं लवकरच जा.