व्हाइट डॉट: हूक न होणारा बॉल पैसे देऊन का घ्यावा?

टेनपिन बॉलिंगमधल्या जेसन बेलमॉन्टीचे व्हिडिओ बघून दोन हातांनी बॉल फिरवणारी पोरं आता ठाण्या-वाशीच्या मॉलमधल्या लेनवरही दिसतात. स्वतःचा बॉल घ्यायची वेळ आली की त्यांना हवा असतो तो सगळ्यात जास्त हूक होणारा, म्हणजे शेवटी वळणारा रिॲक्टिव्ह (लेनला धरणाऱ्या रेझिनच्या कवचाचा बॉल). आमचा सल्ला उलटा आहे. पहिला बॉल प्लास्टिकचा घ्या. आणि त्यात कोलंबिया ३०० कंपनीचा व्हाइट डॉट हा जुना, साधा, खात्रीचा.

हिशेब करून बघा. दहाही फ्रेममध्ये पहिल्या बॉलला ९ पिन पाडल्या आणि उरलेली एक दर वेळी हुकली, तर गेम ९० चा. तीच एक पिन दर वेळी दुसऱ्या बॉलला उचलली (याला स्पेअर म्हणतात, त्यात पुढच्या बॉलच्या पिनाही धरतात) आणि शेवटच्या जादा बॉललाही ९ पाडल्या, तर एकही स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिन, न मारता १९०. अर्ल अँथनी १९७५ साली एका मोसमात १ लाख डॉलर कमावणारा पहिला बॉलर ठरला. त्याच्या आणि पीट वेबरच्या नावावर असलेला १० मेजर (सगळ्यात मानाच्या स्पर्धांच्या) विजेतेपदांचा विक्रम बेलमॉन्टीने २०१९ मध्ये मोडला. अँथनी एका हाताने शांतपणे टाकणारा डावखुरा, बेलमॉन्टी दोन हातांनी गरगर फिरवणारा. शैली कुठलीही असो, स्पेअर सोडणारा या धंद्यात टिकत नाही. म्हणून तर बहुतेक प्रो खेळाडूंच्या बॅगेत पाच-सहा रिॲक्टिव्ह बॉलसोबत एक प्लास्टिकचा असतोच.

व्हाइट डॉटचं कवच चकचकीत पॉलिस्टरचं, म्हणजेच प्लास्टिकचं. ते लेनवरचं ऑइल पीत नाही, लेनला फारसं धरत नाही, त्यामुळे बॉल जवळपास सरळ जातो. बॉल सोडायच्या फाउल लाइनपासून सगळ्यात पुढच्या हेड पिनपर्यंत ६० फूट. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर ऑइल असतं आणि रिॲक्टिव्ह पुढच्या कोरड्या भागात वळतो. पण मॉलमध्ये दुपारपासून बर्थडे पार्ट्या चालू असतात. संध्याकाळपर्यंत ऑइल इतकं विस्कटतं की एका लेनवर बॉल लवकर वळतो आणि शेजारच्या लेनवर वळतच नाही. अशा वेळी रिॲक्टिव्हने कोपऱ्यातली पिन उचलणं म्हणजे नशिबाचा भाग. व्हाइट डॉटला या सगळ्याचं सोयरसुतक नसतं.

उजव्या हाताने खेळणाऱ्याला सगळ्यात जास्त छळते ती उजव्या कोपऱ्यातली १० नंबरची पिन. बोर्ड, म्हणजे लेनच्या उभ्या पट्ट्या, उजवीकडून मोजा. शेवटी सरकणारा पाय ३२ व्या बोर्डाच्या आसपास येऊ द्या, खांदे पिनकडे वळवा आणि बॉल लेनवर आखलेल्या बाणांपैकी मधल्या म्हणजे चौथ्या बाणावरून, २० व्या बोर्डावरून सोडा. पिन तिसऱ्या बोर्डावर असते. बॉलचा मध्य तिथे पोचताना नवव्या बोर्डाच्या उजवीकडे असला आणि बॉल गटारात गेला नाही, की काम झालं. वाटते त्यापेक्षा बरीच जागा आहे. पिन डावीकडून हुकत असेल तर पाय बाणाकडेच चालत जातोय का, ते आधी तपासा. मनगट वळवू नका. पिनशी हस्तांदोलन करतोय असा हात सरळ पुढे जाऊ द्या.

मॉलचे रंगीत हाउस बॉलही बहुतेक प्लास्टिकचेच, मग पैसे कशाचे? पकडीचे. हाउस बॉलची भोकं सगळ्यांना बसतील अशी सैल असतात, मग बॉल हातातून निसटू नये म्हणून आपण तो आवळतो. आवळला की अंगठा उशिरा सुटतो आणि दिशा जाते. आपल्या मापाने ड्रिल केलेला बॉल हाउस बॉलपेक्षा १-२ पौंड जड असला तरी हलका वाटतो. १४ पौंड म्हणजे साधारण ६.३५ किलो. कमाल मर्यादा १६ पौंड.

खरी परीक्षा ड्रिलिंगची. पुढे रिॲक्टिव्ह घ्यायचा विचार असेल तर हाही फिंगरटिपच करून घ्या, बोटं पहिल्या सांध्यापर्यंतच आत. दोन बॉलच्या दोन पकडी ठेवल्या की हात गोंधळतो. स्पॅन, म्हणजे अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर, लांब झाला तर अंगठ्याचं मूळ दुखतं, आखूड झाला तर पुन्हा आवळणं सुरू. आपल्या दमट हवेत खेळता खेळता अंगठा फुगतो, म्हणून अंगठ्याचं भोक किंचित सैल पाडून आत टेपच्या पट्ट्या लावायच्या. घट्ट वाटलं की एक काढायची. पकडीला न लागणारं जादा भोक मात्र पाडू देऊ नका. अमेरिकेतल्या बॉलिंग संघटनेच्या, यूएसबीसीच्या नियमांत १ ऑगस्ट २०२० पासून ते बाद आहे.

उणीव एकच, पण मोठी: स्ट्राइक. हेड पिनशेजारच्या पॉकेटमध्ये, म्हणजे तिच्या आणि शेजारच्या पिनमधल्या फटीत, बॉल ६ अंशांच्या आसपास शिरला तर उत्तम. सरळ बॉल अगदी लेनच्या कडेवरून टाकला तरी दीड अंशाच्या आतच राहतो. हेड पिनवर आपटून तो बाजूला सरकतो आणि मधली ५ नंबरची पिन उभी राहते. तेव्हा हा घेऊन लगेच २०० पार कराल अशी आशा नको.

निगा फारशी नाही. मायक्रोफायबरचं फडकं, अधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल, बस. मे महिन्यात गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नका, तापमानाच्या झटक्याने तडा जाऊ शकतो. ट्रान्स हार्बर लोकलने जाणाऱ्यांनी चाकांची बॅग घेण्याआधी सहाच्या गर्दीतलं ठाणे स्टेशन डोळ्यांसमोर आणावं.

बॉल बाहेरूनच येतो, म्हणून किंमत विचारताना शिपिंग, ड्युटी आणि ड्रिलिंग धरून विचारा. जुना मिळाला तरी चालेल. रिॲक्टिव्ह ऑइल पिऊन मरतो तसा हा मरत नाही, आणि भोकं बुजवून नव्याने पाडता येतात. फक्त अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधला भाग उजेडात धरून नखाने चाचपा. तिथे बारीक भेग लागली तर तो बॉल घेऊ नका.