रंग साठवायचा कशात: हेक्स, एचएसएल की ओकेएलसीएच?

वेबसाइटची थीम बनवताना रंगांचं रूपांतर करणारी लायब्ररी (तयार कोड) कोणती, यापेक्षा मूळ रंग कोणत्या रूपात ठेवायचा हे आधी ठरवा.

हेक्स म्हणजे आरजीबीच: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५, एकूण १.६७ कोटींवर रंग. ब्रँडचा ठरलेला रंग किंवा इमेजमधले पिक्सेल असतील तर दुसरं काही शोधू नका. पण ‘हाच जरा फिका हवा’ म्हटलं की तिन्ही आकडे हलवावे लागतात, आणि नुसते आकडे बघून काही उमगत नाही.

एचएसएल वाचायला सोपं: छटेचा कोन (रंगचक्रावरची जागा), सॅच्युरेशन (रंग किती भडक), लाइटनेस (किती उजळ). त्यातला लाइटनेस मात्र डोळ्यांना विचारून ठरवलेला नाही. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांचाही ५० टक्के! त्यांच्या बटणांवर पांढरी अक्षरं टाकून बघा: निळ्यावर कॉन्ट्रास्ट (उजळपणातल्या फरकाचं गुणोत्तर) ८.५९, पिवळ्यावर १.०७. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ लागतो. शिवाय पूर्णांकांत साठवलं तर ३६० × १०१ × १०१, म्हणजे जेमतेम ३६.७ लाख जोड्या. हेक्सचे सगळे रंग त्यात मावणार कुठून? दशांश जपा. पायथन भाषेच्या ‘कलरसिस’ या रंग-रूपांतराच्या मॉड्यूलमध्ये तर क्रमच एच-एल-एस आहे आणि आकडे ० ते १. वेबवरचे आकडे तसेच चिकटवले तर एरर येत नाही, रंग गुपचूप चुकतो. राखाडीची छटा ते ० देतं, आणि ० म्हणजे लाल. पुढे सॅच्युरेशन वाढवलं की राखाडी लालसर होतो.

ओकेएलसीएचमध्ये लाइटनेस, क्रोमा (रंगाची तीव्रता) आणि छटेचा कोन असतो. त्याचा पाया म्हणजे ब्योर्न ओटोसन यांनी २०२० साली मांडलेली ओकेलॅब ही रंग मोजायची पद्धत. इथे त्याच पिवळ्याचा लाइटनेस ०.९७, निळ्याचा ०.४५, डोळ्यांना दिसतं त्याच्या बरंच जवळ. एका रंगाच्या दहा पायऱ्या कोडमधून काढायच्या असतील तर माझं मत सरळ यालाच. मे २०२३ पासून क्रोम, सफारी, फायरफॉक्स तिन्हींत चालतं. टेलविंड या सीएसएस फ्रेमवर्कच्या चौथ्या आवृत्तीची पॅलेटही यातच आहे.

फुकट मात्र काही नाही. लाइटनेस ०.७, क्रोमा ०.३, कोन १५० हा हिरवा एसआरजीबीत (हेक्सने दाखवता येणाऱ्या नेहमीच्या रंगांच्या मर्यादेत) बसतच नाही. रूपांतर केलं की एखादा चॅनेल (लाल, हिरवा किंवा निळा आकडा) शून्याखाली जातो. तो नुसता कापला तर छटाच सरकते. म्हणून लायब्ररी निवडताना ती क्रोमा कमी करून रंग आत आणते की सरळ कापते, एवढं या हिरव्यावर तपासून घ्या.