नोकरी सोडून पीएचडी की नोकरी करत करत? दोन्ही करून बघितलेलीचं मत

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या आमच्या जुन्या फाउंड्रीतला, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातला, एक ज्युनिअर, एमएस्सी केमिस्ट्री झालेला, महिनाभर फोन करून एकच विचारतोय, ताई सोडू का नोकरी. मी दोन्ही केलंय, दीड वर्ष पार्टटाइम आणि आता अडीच वर्षं फुलटाइम, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी पैशाचं, घरात पहिला प्रश्न तोच निघतोय. जेआरएफ (नेट परीक्षेतनं मिळणारी संशोधनाची फेलोशिप) असेल तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढं एसआरएफचे, म्हणजे तिच्याच वरच्या टप्प्याचे, ४२,०००, घरभाडं वेगळं, सगळं मिळून ५ वर्षांपर्यंत. एमआयडीसीत लॅबमध्ये काही वर्षं काढलेल्या बऱ्याच जणांच्या हातात एवढेही पडत नाहीत, त्यामुळं जेआरएफवाल्यानं पगाराच्या भीतीनं थांबायचं काहीच कारण नाही. फक्त ती फुलटाइमवाल्यालाच, पगार आणि फेलोशिप दोन्ही चालत नाही, वयाची अटपण आहे, महिलांना त्यात ५ वर्षांची सूट. जेआरएफ नसेल तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, ज्याच्या त्याच्या प्रवर्गाप्रमाणं. आणि फेलोशिप कुठलीही असूदे, एक तारखेला पगार पडतोय तसे पैसे पडतील असं धरून चालू नका, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा मगच राजीनामा लिहा. फेलोशिप नाही आणि घराचा हप्ता चालू आहे, तर माझं स्पष्ट मत, सोडू नका.

मग पार्टटाइम बरं का? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या नियमात त्याला रीतसर परवानगी आहे, कंपनीचं एनओसी म्हणजे ना हरकत पत्र लागतंय, अभ्यासाला वेळ देऊ असं त्यांनी लिहून द्यायचं असतंय. माझं एनओसी यायला तीन महिने गेले. कमीत कमी १२ क्रेडिटचा कोर्सवर्क सगळ्यांनाच आहे, माझ्या वर्षभराच्या रजा त्यातच संपल्या. पण खरी अडचण रजेची नव्हतीच.

माझं काम मेटल ऑक्साइडवर. पावडर मफल फर्नेसमध्ये (लॅबमधली बंद भट्टी) ५०० डिग्रीला ठेवायची, हळूहळू तापवायची आणि तितकीच हळू गार होऊ द्यायची. रविवारी संध्याकाळी लावली की बाहेर काढायला सोमवार उजाडायचा, आणि सोमवारी सातला माझी फर्स्ट शिफ्ट. मग मैत्रिणीकडनं किल्ली घेऊन पावणेसहाला विद्यापीठात, क्रुसिबल (पावडरची वाटी) काढून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल न लागणाऱ्या बंद भांड्यात, ठेवायचं आणि तशीच गाडी काढून शिरोली गाठायची. तिथं भट्टीवाला दारातच उभा, कॉईन (वितळलेल्या धातूचा छोटा नमुना) घासून स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, लावला की मिनिटाभरात कार्बन सिलिकॉनचे आकडे, ते बघून ठरवायचं ओतायचं की थांबायचं. त्या कामाचा मला अभिमान होता, अजून आहे. पण दिवसभर मिनिटात उत्तर द्यायची सवय लागलेलं डोकं संध्याकाळी एक्सआरडीच्या (एक्स-रेनं पावडरची रचना तपासायची पद्धत) ग्राफपुढं बसवलं की बसतच नव्हतं, तिथं एका पीकवर चार दिवस काढायचे असतात आणि चौथ्या दिवशी कळतंय की सॅम्पलच परत करायला पाहिजे. हे शनिवार-रविवारच्या तुकड्यात होत नाही, निदान मला झालं नाही. दीड वर्षात माझं काम जेवढं सरकलं तेवढं फुलटाइमच्या पहिल्या चार महिन्यांत झालं.

म्हणून विषय बघा. लॅबचा असेल तर फुलटाइमच. मराठी, कॉमर्स, शिक्षणशास्त्र असेल, पुस्तकं आणि प्रश्नावल्यांवर काम असेल, तर पार्टटाइम जमतंय, माझ्या ओळखीच्या शिक्षकांनी पहाटे उठून व्यवस्थित पूर्ण केलंय. इतिहासवाल्यांनी मात्र विचार करा, इथल्या पुराभिलेखागारातली कागदपत्रं बघायची तर ते ऑफिसच्या वेळेतच उघडं, म्हणजे नेमकं तुमच्या ड्युटीच्या वेळेत.

मुदत म्हणाल तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, री-रजिस्ट्रेशन केलं तर आणखी २, महिलांना त्यावर आणखी २ ची सवलत, आणि पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपनाची रजा. लग्न ठरलंय म्हणून थांबलेल्या मुलींनी हे घरी नीट समजावून सांगा.

पीएचडीनंतर काय, हे लोक शेवटी विचारतात, ते आधी विचारायला पाहिजे. नुसतं प्राध्यापकच व्हायचं असेल तर आधी सेट नाहीतर नेट ही पात्रता परीक्षा काढा, जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी सक्तीची नाही. सुरुवातीचा बेसिक ५७,७०० ऐकायला छान वाटतोय, पण कायम जागा कमी आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे पीएचडीवाले भरपूर, त्यांची ओढाताण मी रोज बघते आणि वाईट वाटतंय. कंपनीत परत यायचं म्हणाल तर आपल्याकडच्या फाउंड्रीत डॉक्टरेटला वेगळा पगार मिळेल असं मला वाटत नाही, तिथं अनुभवच बघतात. म्हणजे आपल्या संशोधनाच्या प्रश्नामागं लागायची ओढ खरंच असेल तरच हा सौदा परवडतोय.

आणि एक, मी ४ वर्षं १० महिन्यांवर राजीनामा देणार होते, एचआरच्या ताईंनी हात धरून थांबवलं. ५ वर्षं भरली की ग्रॅच्युइटी, बेसिक आणि डीए मिळून २०,००० असेल तर ५७,००० च्या वर होतंय, लॅबमधले माझे पहिले दोन महिने त्यावर निघाले.

त्या ज्युनिअरला परवा विचारलं, गाईडशी बोललास का, तर अजून नाही म्हणाला. त्याला सांगितलंय, या शनिवारी सुट्टी टाक, दहाला आमच्या लॅबमध्ये ये आणि सहापर्यंत बस, मोबाईल बॅगेत. डबा मी आणते.