निवडणुकीची पत्रकं छापायची असतील तर काकांचा प्रेस (५ पैकी ४ स्टार)

२०२४ च्या विधानसभेला आपल्या जिल्ह्यातल्या एका अपक्ष उमेदवाराचा हिशेब माझ्याकडे होता, पत्रकं, बॅनर, रिक्षा, स्पीकर सगळ्याची बिलं मीच सांभाळायचो. छपाई सगळी साताऱ्यातल्या मोती चौकाजवळच्या या प्रेसमधे केली म्हणून लिहितोय.

अपक्षाचं कसं असतं, पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह घराघरात आधीच माहीत असतं, आणि आम्हाला चिन्ह मिळालं माघार संपल्यावर, ४ नोव्हेंबरला. १८ ला संध्याकाळी प्रचार बंद. त्यात दिवाळी नुकतीच झालेली, निम्मे कामगार गावाला. आणि चिन्हाची किंमत सातारकरांना सांगायला नको, त्याच वर्षी लोकसभेला उदयनराजे ३२,७७१ मतांनी निवडून आले आणि त्यांच्याविरुद्ध हरलेल्या शशिकांत शिंदेंच्या तुतारीवाल्या माणसाशी मिळत्याजुळत्या चिन्हावरच्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली.

काकांनी हे पहिल्याच प्रूफला ध्यानात घेतलं. आमच्या पोरांनी नेटवरून चिन्हाचं रंगीत, सावली-बिवली दिलेलं चित्र आणलेलं. काका म्हणाले, "अहो मतदानाच्या मशीनवर हे काळंपांढरं दिसणार आणि एवढुसं दिसणार, इथं झगमगाट केला तर म्हातारी माणसं तिथं जाऊन शोधत बसतील." मग आयोगाच्या यादीतलं चित्र घेऊन जसंच्या तसं टाकलं, शेजारी अनुक्रमांक मोठा, आणि मशीनवर दिसतं साधारण तेवढंच करून एक प्रिंट काढून लांब धरून दाखवली. असं लक्ष कोण घालतं हो आजकाल.

दुसरी गोष्ट म्हणजे कागदपत्रं. आधी एका दुसऱ्या ठिकाणी विचारलं तर ते म्हणाले बिल घेऊ नका, स्वस्तात करून देतो, खाली नाव पण नको. काकांनी मात्र ऑर्डर घ्यायच्या आधी प्रकाशकाचं घोषणापत्र भरून घेतलं, दोन प्रती, ओळखीच्या दोन माणसांच्या सह्यांसकट, आणि प्रत्येक पत्रकाखाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता. लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम १२७-क आहे हे, मोडलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. छापून झाल्यावर घोषणापत्र आणि पत्रकाची प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं काम प्रेसचं, ते पण आम्ही न सांगता झालं.

रात्रीतून दारात येऊन पडणारं बिननावाचं बदनामीचं पत्रक ज्यांनी वाचलंय त्यांना त्या खालच्या बारीक ओळीचं मोल कळेल. मला ती ओळ पत्रकातल्या सगळ्या आश्वासनांपेक्षा महत्त्वाची वाटते, मत मागणाऱ्याने आपलं नाव लिहायलाच पाहिजे.

पक्क्या बिलाचा फायदा खर्च तपासणीला कळला. विधानसभेला उमेदवाराची मर्यादा ४० लाख, आमचा खर्च त्याच्या जवळपास पण नव्हता, तरी रजिस्टर तपासताना प्रत्येक आकडा निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकाशी ताडून बघतात, आणि निकालानंतर ३० दिवसांत सगळा हिशेब द्यायचा. छपाईच्या पानावर एक शंका निघाली नाही. एकीकडे पक्षांच्या स्वतःच्या खर्चाला कायद्यात मर्यादाच नाही आणि अपक्षाने चहाचं पण बिल दाखवायचं, हे मला अजिबात पटत नाही, पण म्हणूनच लहान उमेदवाराने कागद चोख ठेवलेला बरा.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. दुसरा लॉट सकाळी देतो म्हणाले आणि संध्याकाळी मिळाला, प्रचारात एक दिवस म्हणजे दोन-तीन गावं गेली आमची. फोन पण उचलत नाहीत, स्वतः जाऊन उभं राहावं लागतं. दर थोडा जास्त आहे, कागद मात्र चांगला जाड, शाई हाताला लागत नाही. फ्लेक्स इथं होत नाहीत, ते बाहेरून करून घ्या. झेडपी-पंचायत समितीला उभं राहणाऱ्यांनी मजकूर आणि फोटो आधीच देऊन ठेवा, चिन्हाची जागा तेवढी मोकळी सोडा, म्हणजे चिन्ह मिळालं की त्याच दिवशी छपाईला जातं. गाडी लांब लावून चालत जा, गल्लीत वळत नाही.