दोन इंच लिफ्ट: कोल्हापुरात बसवलेलं सस्पेन्शन आणि माझा टेप

आमच्या बागेच्या पाणंदीत एक जांभ्याचा दगड होता. दोन चाकांच्या बरोबर मधे, पालथ्या घमेल्यासारखा. २०१९ मध्ये इसुझु व्ही-क्रॉस पिकअप घेतली तेव्हापासून आधी पुढची स्किड प्लेट, म्हणजे पोटाखालचा संरक्षक पत्रा, त्याला खरवडायची, मग मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा. दोन ठरलेले आवाज. दुसऱ्या आवाजाला आई मागच्या सीटवरून म्हणायची, "लागलं गं परत."

त्यात मागचे पाटे, म्हणजे कमानीसारख्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबून बसले होते. आंब्याच्या दिवसांत बारा क्रेट, म्हणजे साधारण २४० किलो, टाकले की गाडी नाक वर करून चालायची. म्हणून गेल्या दिवाळीनंतर अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठलं आणि पुढच्या स्प्रिंगा, मागचे पाटे, चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर असा पूर्ण संच बसवून घेतला. फिटिंगसकट १ लाख १२ हजार. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं वाजवणार आहे.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, दोन इंच उचलतीया गाडी. दोन इंच म्हंजे दोन इंच, काय बी काळजी करू नगासा." मी विचारलं, कुठून कुठपर्यंत? तो हसला. मी पर्समधून टेप काढला तेव्हा हसायचा थांबला.

जमिनीपासून मोजायचं नाही, टायरमधली हवा आणि झीज त्यात मिसळते. चाकाच्या मधल्या टोपीच्या केंद्रापासून सरळ वर, फेंडरच्या कडेपर्यंत मोजायचं. गाडी सपाटीवर, चाकं सरळ, हौदा रिकामा. माझे जुने आकडे पुढे ४९.५ सेंमी, मागे ५२. काम झाल्यावर पुढे ५४ आणि मागे ५८. म्हणजे पुढे साडेचार सेंटिमीटर आणि मागे सहा. दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर आणि वर एक मिलिमीटरभर. ते कुठल्याच टोकाला नव्हते.

लिफ्टचा आकडा स्प्रिंगवर छापलेला नसतो, तो ओझ्यावर ठरतो. पुढच्या स्प्रिंगा निवडताना दुकानाने बरोबर विचारलं, की गाडीला लोखंडी गार्ड किंवा विंच आहे का. बुलबारवर, म्हणजे त्या गार्डवर, २०१७ च्या डिसेंबरपासून बंदी आहे, माझ्या गाडीला काहीच नाही, म्हणून हलक्यात हलकी स्प्रिंग दिली. ती छान बसली. मागे मात्र "तुम्ही आंबेवाल्या" म्हणून सतत ३०० किलो वाहणाऱ्या गाडीचे पाटे घातले. अहो, आंबा दोन-अडीच महिने. उरलेलं वर्ष मागे काय असतं? एक खताची गोण आणि आईची औषधांची पिशवी. घरी येताना गाडी शेपटी वर केलेल्या मांजरीसारखी दिसत होती आणि मलकापूरच्या पुढे प्रत्येक खड्ड्याला पाठीत गुद्दा बसत होता.

स्वस्तातला मार्गही त्यांनी दाखवला होता, तेही सांगते. पुढच्या स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकच्या जोडखांबाच्या, डोक्यावर एक इंचाचा स्पेसर (जाड चकती) टाकला की चाकापाशी गाडी साधारण दोन इंच उठते. जादू नाही, स्ट्रट खालच्या आर्मच्या टोकाला नसून अधेमधे जोडलेला असतो, म्हणून तिथला एक इंच चाकाशी दुप्पट होतो. पण स्प्रिंग आणि शॉक जुनेच राहतात. मी नको म्हटलं. तीन-चार इंचांचा मोहही नको. पुढची चाकं फिरवणारे ड्राइव्हशाफ्ट तिरके होतात, त्यांची रबरी बूटं फाटली की खर्च वेगळाच. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत. मी विमा कंपनीला ईमेल करून ठेवला.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरबद्दल मात्र तक्रार नाही. आधी अणुस्कुऱ्याच्या वळणावर गाडी कलायची, सावरायची आणि परत थोडी डुलायची. आता एकदाच कलते आणि तिथेच राहते. आईला गाडी लागायची, ते निम्म्यावर आलं. नुसते शॉक बदलले असते तरी बरंच साधलं असतं, असं आता वाटतं.

खरी चीड अलाइनमेंटची. गाडी उचलली की कॅम्बर, कॅस्टर, टो, हे चाकांचे कोन सगळे हलतात. दुकान म्हणालं, "हजार किलोमीटर चालवा, स्प्रिंगा बसू देत, मग या." स्प्रिंगा बसतात हे खरं, माझ्याही पुढून अर्धा सेंटिमीटर बसल्या. पण म्हणून तोवर वाकड्या चाकांनी फिरायचं? त्याच दिवशी एकदा आणि बसल्यावर परत एकदा, असं करायला हवं होतं. हजार किलोमीटरनंतर पुढच्या टायरवरून हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवत. रत्नागिरीत जाऊन अलाइनमेंट करून घेतलं. हेडलाइटही कुणी खाली केले नव्हते. घाटात समोरचे सगळे डिपर देत होते आणि मला वाटलं, पुढे पोलीस असतील.

मागच्या पाट्यांचा इलाज राजापुरातच झाला. हायवेलगत कमान-पाट्यांचं काम करणारे एक चाचा आहेत. त्यांनी मागे उभं राहून हौद्याच्या कडेवर हात ठेवून गाडी दोनदा दाबली आणि म्हणाले, "ताई, ही ट्रकची कमान झाली. एकेक पाटा काढू." पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट सोडले, मधला बोल्ट काढला, दोन्ही बाजूंचा एकेक पाटा बाजूला. दोन तास, ९०० रुपये. आता मागे रिकामी ५५.५ आणि बारा क्रेट भरून ५३. भरलेली गाडी जुन्या रिकाम्या गाडीपेक्षा सेंटिमीटरभर उंच, आणि नाक वर नाही. हजार किलोमीटरने यू-बोल्ट परत आवळून घ्या, हेही चाचांनीच सांगितलं. कोल्हापूरच्या बिलावर त्याची एक ओळ नव्हती.

कोल्हापूरला पाचपैकी तीन. माल चांगला, हात चांगला, डोकं घाईत. चाचांना पाच.

आणि तो दगड. लिफ्टनंतर पहिल्यांदा पाणंदीत शिरले, श्वास रोखून. पुढून काही नाही. मागून, खर्र. आई म्हणाली, "एवढे पैसे घातलेस ना?"

मागचा अ‍ॅक्सल एकसंध असतो, चाकांच्या जोरावर उभा. पाटे त्याच्या वर. पाटे बदलले की हौदा उठतो, केबिन उठते, गोळा जिथल्या तिथे. त्याला उचलायचं तर मोठं टायर हवं, आणि तेही व्यासाच्या वाढीच्या निम्मंच कामाला येतं. माझं टायर २५५/६० आर १८, व्यास ७६३ मिमी. २६५/६० घेतलं तर ७७५. म्हणजे गोळा सहा मिलिमीटर वर, पेन्सिलीच्या जाडीएवढा. हे मला कोल्हापूरच्या काउंटरवर कुणी सांगितलं असतं तर आवडलं असतं.

मग गड्याच्या हातात पहार दिली. अर्ध्या तासात दगड निघाला. गाडी उंच झाल्यापासून आईला चढायला जमत नव्हतं, देवघरातला पाट घेऊन यायची. आता तो दगड अंगणात गाडीच्या दाराशी आहे, त्यावर पाय ठेवून ती चढते. पाट राजापूरला जाताना मात्र अजून सोबत घेते. दवाखान्यापाशी उतरायला लागतो.